गठ्ठा घेतला खेळाचा, निघालं भलतंच

जुने चषक, जर्सी, बॅटी, पदकं असा खेळाच्या सामानाचा गठ्ठा विकत घ्यायचा आणि उघडल्यावर विकणाऱ्यालाही ठाऊक नसलेलं काहीतरी हाती लागायचं, हे गोव्यातल्या जुन्या घरांत आणि क्लबांत वरचेवर घडतं. अशा वस्तूंबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं या वेळी देत आहोत. किंमत मात्र कुणालाच सांगितलेली नाही. वस्तू हातात न घेता आकडा सांगणाऱ्याचं ऐकू नये.

प्रश्न (फोंडा): बंद पडलेल्या एका फुटबॉल क्लबच्या दोन पत्र्याच्या पेट्या घेतल्या. आत जर्सी आणि चषक आहेत एवढंच सांगितलं होतं. एका पेटीत जर्सींखाली वह्या, पावत्या आणि संघांचे फोटो निघाले. वाळवी नाही, पण कुबट वास येतो. सुरुवात कुठून करू?

उत्तर: पेटी एका बैठकीत रिकामी करू नका. कुठली वही कुठल्या फोटोला लागून होती, कुठला चषक कुठल्या जर्सीत गुंडाळला होता, ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही, आणि अशा संग्रहातल्या निम्म्या वस्तूंची ओळख तिथूनच पटते. प्रत्येक थर उचलण्याआधी वरून एक फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवून. मग पेन्सिलीने लिहिलेली कागदी चिठ्ठी: पेटी १, थर ३, वस्तू ७. कापडाला चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा. टाचणी, स्टेपल, चिकटपट्टी वापरू नका. इथल्या खाऱ्या, दमट हवेत टाचणी एका पावसाळ्यात गंजते आणि तो डाग कापडातून जात नाही.

कुबट वास म्हणजे कागदात ओल आहे. उन्हात घालायचा मोह आवरा, शाई उडते आणि फोटो वळतात. बंद खोलीत टेबलावर पांढरा टीपकागद पसरा, त्यावर पानं सुटी ठेवा, पंखा छताकडे तोंड करून लावा आणि टीपकागद रोज बदला. बुरशी दिसली तर ती पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नका, ओली पुसली की कागदात शिरते. वाळल्यावर घराबाहेर, तोंडाला मास्क बांधून, मऊ ब्रशने झाडा. कसर किंवा किडे असतील तर गठ्ठा दोन पिशव्यांत हवाबंद करून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर किंवा त्याहून थंड दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक अख्खा दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर पाणी जमेल. काचेच्या निगेटिव्ह फ्रीझरमध्ये घालायच्या नाहीत. डांबरगोळ्याही नकोत, त्यांची वाफ प्लास्टिक मऊ करते आणि वास कागदात वर्षानुवर्षं राहतो.

आता तारखा. पेटीच्या तळाला किंवा फोटोफ्रेमच्या पाठीला घातलेली रद्दी फेकू नका. ‘ओ हेराल्दो’ या दैनिकाचा अंक पोर्तुगीजमधला असेल तर तो १९८३ पर्यंतचा, त्या वर्षी ते इंग्रजी झालं. ‘गोमन्तक’ मार्च १९६२ मध्ये सुरू झाला, ‘नवहिंद टाइम्स’ १९६३ मध्ये, ‘नवप्रभा’ १९७० मध्ये. मात्र रद्दीवरून एवढंच कळतं की फ्रेमची पाठ त्या दिवसाआधी बसवलेली नाही. फोटो त्याहून कितीतरी जुना असू शकतो, आणि पाठ मागाहून बदललेलीही असू शकते. लाकडात खिळ्यांची दोन-दोन भोकं दिसली तर ती बदललेली आहे असं समजा. पावत्यांवरच्या रकमा रुपिया आणि तांगा या पोर्तुगीज गोव्यातल्या चलनात असतील तर त्या १९५० च्या दशकाच्या अखेरीआधीच्या, एस्कुदोत असतील तर त्यानंतरच्या. फोटोग्राफरच्या शिक्क्यात पणजीऐवजी ‘नोव्हा गोवा’ असेल तर फोटो पोर्तुगीज अमलातला.

वह्यांत खेळाडूंची नोंदवही असेल तर ती या पेट्यांतली सगळ्यात मोलाची वस्तू धरा. पैसे तुम्ही चषकांचे मोजले असतील, पण मागे नावं नसलेल्या अकरा जणांच्या फोटोला नावं मिळतात ती या वहीतून. नोंदवही एकाला आणि फोटो दुसऱ्याला विकले की दोन्ही मुकी होतात. आधी प्रत्येक पान स्कॅन करा, ६०० डीपीआयला, मग काय विकायचं ते ठरवा.

जर्सी धुऊ नका. आतून उलटी करून मानेजवळचं लेबल, आकड्याची शिलाई आणि रफू पाहा. शिवलेल्या आकड्याखालचं कापड बाजूच्या कापडापेक्षा गडद असेल तर आकडा मूळचाच आहे, कारण त्याच्या आडोशाला रंग टिकला. सगळीकडे सारखाच विटलेला रंग असेल तर आकडा नंतर लावलेला.

प्रश्न (म्हापसा): शुक्रवारच्या बाजारात सात कपांचा लॉट घेतला. सगळे जर्मन सिल्व्हरचे म्हणून दिले. एकावर बारीक पक्षी आणि ८३३ असा ठसा आहे. चांदी आहे का?

उत्तर: बहुधा हो, आणि तीही पोर्तुगालची. पोर्तुगीज चांदीवर १८८७ ते १९३७ या काळात रानडुकराच्या मुंडक्याचा ठसा असे, १९३८ ते १९८४ या काळात गरुडाचा. ८३३ म्हणजे हजार भागांत ८३३ भाग चांदी. ठसा दहापट भिंगातून पाहा. खरा ठसा धातूत दबलेला असतो आणि त्याच्या कडेला धातू किंचित उचललेला दिसतो. ओतीव नकलेत कडा गोलसर आणि तळ खडबडीत असतो.

बाकीच्या सहांवर ‘ईपीएनएस’ (EPNS) अशी अक्षरं असतील तर तो चांदीचा मुलामा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावापुरतीच आहे, तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. लोहचुंबकाने काही ठरत नाही, कारण तो चांदीलाही चिकटत नाही आणि जर्मन सिल्व्हरलाही नाही.

कपासोबत सुटी पदकं आली असतील तर घनता काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा हवा. आधी पदकाचं कोरडं वजन घ्या. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा आणि पदक बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून लटकत धरा. ते तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका, बुडबुडे झटकून टाका. काट्यावर आलेला आकडा म्हणजे पदकाचं आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. समजा कोरडं वजन ४१.५ ग्रॅम आणि बुडवल्यावरचा आकडा ४.०० आला, तर घनता १०.४, म्हणजे स्टर्लिंग चांदीच्या (हजार भागांत ९२५ भाग चांदी) जवळ. ८३३ ची चांदी १०.२ च्या आसपास येते, जर्मन सिल्व्हर आणि पितळ ९ च्या खाली. मिना केलेल्या किंवा आतून पोकळ पदकाला हा हिशेब लागू नाही.

कपाला तो थेट लावू नका. बैठकीत वजनासाठी प्लास्टर किंवा राळ भरलेली असते, त्यामुळे सगळं वजन चांदीचं नसतं. बैठक लाकडी असेल तर खालचा बोल्ट काढून पाहणं फायद्याचं. गुंडाळलेली चिठ्ठी किंवा विजेत्यांच्या नावांच्या काढून ठेवलेल्या पट्ट्या त्या पोकळीत सापडू शकतात. बोल्ट गंजला असेल तर गंज सोडवणाऱ्या तेलाचा एक थेंब टाकून रात्रभर ठेवा. पिळताना कप धरू नका, बैठकच धरा. कपाच्या कानांचा डाख मऊ असतो, कान हातात येतात.

आणि पितळेच्या पॉलिशला हात लावू नका. ते घासून घासून कोरीव अक्षरं बुजवतं, मुलामा असेल तर तोही उडवतं. नाव आणि साल पुसलेल्या कपाला सोनाराच्या वजनकाट्याशिवाय दुसरा गिऱ्हाईक मिळत नाही.

प्रश्न (मडगाव): एका जुन्या घरातलं बिलियर्डचं सामान घेतलं. क्यू, फळा आणि तीन चेंडू. चेंडू हस्तिदंती असावेत असं एकाने सांगितलं. विकता येतील का?

उत्तर: हस्तिदंती असतील तर नाही. वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ मध्ये १९८६ साली झालेल्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकन हस्तिदंताचाही. वस्तू शंभर वर्षं जुनी असली, आजोबांची असली, तरी विक्री होत नाही. मालकीचं प्रमाणपत्र असलं तरी ती फक्त वारशाने पुढे जाते. म्हणजे तुमची खरेदीही अडचणीची ठरू शकते, म्हणून आधी वकिलाला विचारा. चेंडू भेट देणं, कुरियर करणं, ऑनलाइन फोटो टाकून भाव विचारणं, यातलं काही करू नका. कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार अशी वस्तू मोबदल्याविना स्वखुशीने मुख्य वन्यजीव रक्षकांच्या स्वाधीन करता येते. गोव्यात त्यासाठी वन खात्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि खरेदीची पावती जोडा. जुन्या क्लबांच्या सामानात बिबट्याचं कातडं, सांबराची शिंगं, कासवाच्या पाठीच्या डब्या निघतात. त्यांनाही हाच कायदा लागू आहे.

ओळखायचं कसं? हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. चेंडू फिरवत तिरक्या उजेडात भिंगाने शोधा, दोन टोकांना ती स्पष्ट असते. समांतर सरळ रेषा असतील तर ते बहुधा नकली हस्तिदंत. काहीच रेषा नसतील तर राळेचा किंवा सेल्युलॉइडचा चेंडू. तापलेली सुई टोचून बघायची युक्ती लोक सांगतात, ती अजिबात करू नका. सेल्युलॉइड भसकन पेटतं. टेबल टेनिसचे जुने चेंडूही सेल्युलॉइडचेच असायचे, प्लास्टिकचे चेंडू २०१४ पासून आले. जुन्या चेंडूंचा खोका देव्हाऱ्याजवळ ठेवू नका.

प्रश्न (वास्को): नैरोबीहून परतलेल्या एका कुटुंबाकडून हॉकी स्टिक्स आणि ब्लेझर घेतले. ब्लेझरच्या खिशात ‘लंडन १९४८’ लिहिलेलं काशाचं पदक निघालं. ते कांस्यपदक का?

उत्तर: एका बाजूला रथ आणि दुसऱ्या बाजूला लंडनची संसदेची इमारत असेल तर नाही. ते सहभागाचं पदक, खेळाडू आणि पदाधिकारी सगळ्यांना दिलेलं. विजेत्यांच्या पदकावर बसलेली विजयदेवता असते. दुसरी खूण कडीची. ऑलिंपिकमध्ये पदक गळ्यात घालायची पद्धत १९६० च्या रोमपासूनची, त्याआधी ते डबीतून हातात देत. म्हणून १९४८ च्या पदकाला कडी जोडलेली असेल तर ती मागाहून कुणीतरी डाखलेली आहे. तेवढ्याने पदक खोटं ठरत नाही, पण मूळ अवस्थेत राहिलेलं नाही. (जाता जाता, ‘सोन्याचं’ म्हणून दाखवलेलं १९१२ नंतरचं ऑलिंपिक पदक अस्सल असलं तरी आतून चांदीचं असतं.)

खरा पेच मालक कोण हा आहे. केनियाचा संघ ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा उतरला तो १९५६ मध्ये, मेलबर्नला. म्हणजे केनियाचे खेळाडू म्हणून हे पदक मिळालेलं नाही. भारताच्या १९४८ च्या सुवर्णविजेत्या हॉकी संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसूझा अशी गोंयकार नावं होती, पण तेवढ्यावरून कुणाशी नातं जोडू नका. ब्लेझरचा बिल्ला कोणत्या संघाचा, आतल्या खिशावर शिंप्याची पट्टी कोणत्या गावची, मापाखाली नाव लिहिलंय का, हे आधी पाहा. पूर्व आफ्रिकेतल्या गोंयकारांकडून आलेल्या सामानात असं मिश्रण नेहमीचं आहे. धावपटू सेराफिनो आंताव यांनी १९६२ च्या पर्थ राष्ट्रकुल स्पर्धेत केनियासाठी दोन सुवर्णपदकं जिंकली, त्या काळातली कात्रणं, क्लबचे नाचाचे पास आणि हॉकीची स्कोअरकार्डं एकाच पाकिटात असतात. ती वेगळी करू नका. कुटुंबाकडे परत जाऊन पदक कसं आलं ते विचारा, उत्तर लिहून घ्या आणि त्यावर त्यांची सही आणि तारीख घ्या. ऐकीव गोष्ट विकताना कामाला येत नाही, सही केलेला कागद येतो.

प्रश्न (साखळी): क्लबच्या जुन्या पत्रव्यवहाराची फाइल चषकांसोबत फुकट मिळाली. तिकिटं भिजवून काढू का?

उत्तर: काढू नका! आधी प्रत्येक पाकिटावरचा शिक्का वाचा. गोवा मुक्तीनंतर भारतीय तिकिटं २९ डिसेंबर १९६१ पासून चालू झाली आणि जुनी पोर्तुगीज तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालली. त्या आठ दिवसांत टाकलेलं, त्यातही दोन्ही तिकिटं एकत्र असलेलं पाकीट निघालं तर चषक विसराल. तिकीट, शिक्का, पत्ता आणि आतलं पत्र एकत्र राहिलं तरच त्याला अर्थ आहे. पोर्तुगालने गोवा गेल्यानंतरही या वसाहतीच्या नावाने तिकिटं काढली, पण ती इथल्या टपाल कचेऱ्यांत कधी विकली गेली नाहीत. त्यांच्यावर गोव्याचा शिक्का दिसला तर जपून.

प्रश्न (पर्वरी): दहा बॅटींच्या लॉटमध्ये तीन बॅटींवर सह्या आहेत. सोबत फातोर्ड्याच्या १९८९ च्या एकदिवसीय सामन्याची पुस्तिका आहे, तिच्यावरही सह्या आहेत. खऱ्या कशा ओळखायच्या?

उत्तर: बॅटीच्या पात्यावर मधोमध, कंपनीच्या चिन्हाजवळ असलेली एकुलती एक सही छापीलच धरा. ती कारखान्यात उमटवलेली असते आणि सहीवरून बोट फिरवलं तर वॉर्निश सलग लागतं. हाताची सही वॉर्निशच्या वर असते आणि लाकडाच्या रेषांत शाई किंचित पसरलेली दिसते.

पुस्तिकेसाठी दहापट भिंग. ठिपक्याठिपक्यांची सही म्हणजे छपाई. बॉलपेनची सही असेल तर पानाच्या मागून बोटाला उठाव लागतो आणि दोन रेषा जिथे छेदतात तिथे कुठली वर हे कळतं. रबरी शिक्क्याची सही कडेला गडद आणि मध्ये फिकी असते. अकराही सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने, सरळ ओळीत असतील तर त्या एकाच माणसाने केल्या आहेत, मग तो संघाचा मदतनीस असो की नंतरचा कुणी.

मग तारीख ताडून पाहा. फातोर्ड्यावर पहिला एकदिवसीय सामना २५ ऑक्टोबर १९८९ रोजी ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांच्यात, नेहरू चषकात झाला. त्या पुस्तिकेवर भारतीय खेळाडूंच्या सह्या असतील तर त्या मैदानावर त्या दिवशी घेतलेल्या नाहीत, एवढं नक्की. खोट्या असतीलच असं नाही, दुसरीकडे घेतल्या असतील. पुस्तिकेच्या पानात तिकिटाचा तुकडा, पार्किंगचा पास किंवा हाताने भरलेलं धावफलक असेल तर ते जागच्या जागी ठेवा. सह्यांवर वाद होईल, तिकिटावर होणार नाही.

प्रश्न (डिचोली): चामड्याचा लेसवाला फुटबॉल घेतला. आत काहीतरी खुळखुळतं. फाडून बघू का?

उत्तर: आत खजिना नाही. वाळून कडक झालेल्या रबरी ब्लॅडरचे तुकडे आहेत. हवा भरायचा प्रयत्न करू नका, शिलाई उसवेल. लेस जपून सैल करा, तुकडे काढा आणि पांढऱ्या सुती कापडाचे बोळे भरून चेंडूला आकार द्या, घट्ट नको. चामड्याची लाल भुकटी हाताला लागत असेल तर ते चामडं सडत चाललंय. खोबरेल लावलं तर काळं पडून वर बुरशी धरेल. पॅनेलवर चुन्याने किंवा रंगाने लिहिलेला गोलफरक, तारीख, संघांची नावं नीट शोधा, तिरक्या उजेडात पुसटसं दिसतं. काळ्यापांढऱ्या ३२ तुकड्यांचा चेंडू १९७० च्या विश्वचषकाने घरोघर नेला. तुमचा लेसवाला त्या पिढीच्या आधीच्या धाटणीचा आहे.

प्रश्न (काणकोण): क्लबच्या कपाटात पत्र्याच्या डब्यांत फिल्मची रिळं मिळाली. उघडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला. फेकून देऊ?

उत्तर: आधी रुंदी मोजा. ८ किंवा १६ मिलिमीटर असेल तर ती सुरक्षित फिल्म, आगीची भीती नाही. ३५ मिलिमीटर असेल आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची किंवा त्याआधीची, तर ती नायट्रेट असू शकते. ती झपाट्याने पेटते आणि पाण्यानेही विझत नाही. असा डबा घरात, गाडीच्या डिकीत किंवा उन्हात ठेवू नका, अभिलेखागाराशी बोला.

व्हिनेगरचा वास अॅसिटेट फिल्म कुजायला लागल्याची खूण. कुजणं उलटवता येत नाही, मंद करता येतं. वास येणारी रिळं चांगल्या रिळांपासून वेगळी करा, कारण तो आम्ल बाकीच्यांनाही लागतो. गंजके पत्र्याचे डबे काढून हवा खेळेल असे पुठ्ठ्याचे किंवा पॉलिप्रॉपिलीनचे डबे वापरा, पण डब्यावरच्या चिठ्ठीचा फोटो घेऊन ती सोबत ठेवा. घरच्या जुन्या प्रोजेक्टरवर लावून बघू नका. आक्रसलेल्या फिल्मची भोकं दात्यांत बसत नाहीत आणि ती फाटते. फिल्म हातानेच मीटरभर उलगडून भिंगातून पाहा. छोटी भोकं चौकटीच्या मध्यावर असतील तर सुपर ८, म्हणजे १९६५ नंतरची. मोठी भोकं दोन चौकटींच्या सांध्यावर असतील तर साधी ८. स्कॅन चौकटीगणिक करून घ्या आणि तेही लवकर. गोव्यातली संतोष करंडक फुटबॉलची किंवा गावच्या मैदानावरची जुनी हलती चित्रं फार थोडी उरली आहेत, त्यामुळे अंधुक आलेला भागही ठेवा.

प्रश्न (पेडणे): शाळेच्या वहीत खळीने चिकटवलेली सिगारेटच्या पाकिटातली क्रिकेटची चित्रं निघाली. सोडवून विकावीत?

उत्तर: नको. वही जशी आहे तशी ठेवा. सोडवताना मागचा मजकूर खळीत राहतो आणि मागचा मजकूर नसलेलं चित्र कुणी घेत नाही. विल्स आणि प्लेयर्स या सिगारेट कंपन्यांचे बहुतेक संच ५० चे असायचे, तेव्हा क्रमांक मोजून किती भरतात ते पाहा. सुट्या चित्रांची जागा पीव्हीसीच्या खिशांत नको, दमट हवेत ते तेलकट होऊन शाई ओढून घेतात. पॉलिप्रॉपिलीनचे खिसे घ्या. संशय आला तर अतिनील दिव्याखाली धरा. कागद निळापांढरा चमकला तर त्यात उजळक रसायन आहे, आणि ते कागदात साधारण १९५० नंतर आलं. युद्धाआधीचं म्हणून विकलेलं चित्र चमकायला नको.

प्रश्न (केपे): एका घरातून ट्रॉफींचा लॉट घेतला. एका कपात सोन्याची साखळी, पोर्तुगीज काळातला जन्मदाखला आणि पासपोर्ट निघाला. व्यवहार पूर्ण झालाय. आता ते माझं का?

उत्तर: साखळी विकण्याचा त्यांचा इरादा नव्हता, तेव्हा व्यवहार ट्रॉफींचा झाला, साखळीचा नाही. परत करा आणि परत केल्याची पावती घ्या. १८७८ चा दफिन्याचा कायदा इथे लागू होत नाही, तो जमिनीत दडलेल्या धनाबद्दल आहे. जन्मदाखला आणि पासपोर्टही परत करा, त्यांचे फोटो कुठेही टाकू नका. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदीवर पुढच्या पिढ्यांचं पोर्तुगीज नागरिकत्व अवलंबून असतं, त्यामुळे या कागदांचा गैरवापर सहज होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण ती महत्त्वाची. घरातल्या एका भावाने विकलं म्हणजे सगळ्यांनी विकलं असं गोव्यात धरता येत नाही. इथे वारसा सगळ्या वारसांचा सामाईक असतो आणि पोर्तुगीज दिवाणी संहितेतून आलेल्या सामाईक मालमत्तेच्या पद्धतीत नवऱ्याचा किंवा बायकोचाही हिस्सा येतो. वाटणीची दफ्तरी कारवाई आता गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायदा, २०१२ खाली होते. म्हणून मोठा लॉट घेताना पावतीवर सगळ्या वारसांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या सह्या घ्या, नाहीतर विकणाऱ्याकडे बाकीच्यांचं संमतिपत्र असल्याची प्रत जोडा. पावतीत ‘जुनं सामान’ असं मोघम लिहू नका. पेट्या किती, कप किती, कागदपत्रं समाविष्ट आहेत की नाहीत, आणि नंतर दागिना, रोकड किंवा वैयक्तिक कागद सापडले तर ते परत दिले जातील, हे एका ओळीत लिहा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू किंवा पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित असेल तर १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ते देशाबाहेर पाठवता येत नाही. लिस्बनच्या गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे पाठवले असतील तर आधी वस्तूचं वय ठरवून घ्या.